हातोहात आलेला ठेका

ज्या काळी तोफांच्या धुरात सेनापतीचा आवाज हाकेच्या अंतरावरही धड पोहोचत नसे आणि लेखी हुकूम घेऊन निघालेला स्वार वाटेतच कामी येण्याचा संभव असे, त्या काळी पलटणीला पहाटे उठवणे, रांगेत उभे करणे, पुढे नेणे आणि प्रसंग पडल्यास माघारी आणणे ही सारी कामे खांद्याच्या पट्ट्याला लटकणाऱ्या एका ड्रमकडे सोपवलेली होती. जॉर्ज वॉशिंग्टनच्या विस्कळित फौजेला शिस्त लावण्यासाठी आलेल्या बॅरन फॉन स्टॉयबेन या प्रशियन अधिकाऱ्याने १७७९ साली कवायतीची जी नियमावली सिद्ध केली, तीत ड्रमच्या निरनिराळ्या ठोक्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. ‘जनरल’ वाजला की तंबू उतरवून साऱ्या फौजेने कूच करावयाचे, ‘रेव्हेली’ वाजली की झोपेतून उठावयाचे, आणि ‘पार्ले’ वाजला म्हणजे शत्रूशी बोलणे करण्याची इच्छा आहे असे समजावयाचे, अशी ती व्यवस्था होती. ड्रम वाजवणाऱ्याची चूक ही म्हणूनच केवळ बेसूरपणाची बाब नव्हती. हुकूम चुकीचा गेला तर माणसे मरत.

आज अमेरिकेत ‘ड्रम कोअर’ या नावाने ओळखली जाणारी, पितळी वाद्ये, ध्वज आणि तालवाद्ये यांची जी संचलन पथके उन्हाळाभर गावोगावच्या फुटबॉल मैदानांवर स्पर्धा करीत हिंडतात, त्यांचा इतिहास सांगताना बहुतेकांचा भर पदकांवर, गणवेशांवर आणि बिगुलाला कोणत्या साली किती झडपा बसल्या यावर असतो. मला मात्र या साऱ्या व्यापाचा कणा त्यांच्यातील तालवाद्यांच्या रांगेत, म्हणजे ज्याला तिकडे ‘ड्रमलाइन’ म्हणतात तीत आहे असे वाटते. कारण सव्वादोनशेहून अधिक वर्षांच्या या वाटचालीत आश्रयदाते बदलले, वाद्यांची कातडी बदलली, नियम बदलले, किंबहुना वाजवण्याचे प्रयोजनच बदलले, तरी एका हाताने दुसऱ्या हाताला शिकवलेला ठेका तेवढा अखंड राहिला.

या ठेक्याचे मूळ युरोपी लष्करात असले तरी वाद्यांचे कूळ त्याहून जुने आणि आपल्या ओळखीचे आहे. धर्मयुद्धांच्या काळात नगाऱ्यांची जोडी पश्चिम आशियातून युरोपात गेली, आणि अठराव्या शतकात उस्मानी तुर्कांच्या लष्करी वाद्यवृंदाचा थाट पाहून युरोपी राजांनी मोठा ड्रम आणि झांजा आपल्या पलटणींत दाखल करून घेतल्या. रायगडाच्या नगारखान्यात आणि मोगलांच्या नौबतखान्यात ज्या घराण्याची वाद्ये झडत होती, त्याच घराण्याच्या दूरच्या शाखा पुढे बोस्टन-शिकागोच्या रस्त्यांवर निनादल्या असे म्हणण्यास हरकत नाही.

अमेरिकन मरीन दलातील ड्रम मेजर चार्ल्स स्ट्युअर्ट ॲशवर्थ याने १८१२ साली ड्रमवादनाची एक पद्धती छापली आणि तीत मूलभूत प्रहाररचनांना ‘रुडिमेंट’ ही संज्ञा प्रथम वापरली. तबल्याच्या विद्यार्थ्याला जसे बोल आणि कायदे, तसे ड्रमवादकाला हे रुडिमेंट. एकेरी आणि दुहेरी प्रहार, मुख्य ठोक्याआधी हळूच स्पर्शून जाणारा ‘फ्लॅम’, उजवा-डावा-उजवा-उजवा असा उलटत जाणारा ‘पॅराडिडल’, तोंडाने म्हटला की हातात आपोआप उतरणारा ‘रटामाक्यू’. १८६२ साली यादवी युद्ध ऐन भरात असताना जॉर्ज ब्रूस आणि डॅन एमेट यांचे ड्रम व बासरी शिकवणारे पुस्तक निघाले, आणि छावणीछावणीतून ते वापरले गेले. त्या युद्धात ड्रम वाजवणारे पुष्कळसे वादक कोवळ्या वयाचे होते. लढाई नसेल तेव्हा त्यांनी दिवसाचे सारे प्रहर वाजवून सांगावयाचे, आणि लढाई सुरू झाली की जखमी उचलावयाचे. रात्री अचानक ‘लाँग रोल’ वाजला, म्हणजे प्रहारांमध्ये कसलीही फट न ठेवता दोन्ही काठ्या सलग घुमू लागल्या, की शत्रू अंगावर आला असे समजून सगळ्यांनी शस्त्रे उचलावयाची. जॉनी क्लेम नावाचा असाच एक पोर-वादक पुढे लष्करातच राहिला, अधिकारपदे चढत गेला आणि १९१५ साली निवृत्त झाला, तेव्हा यादवी युद्ध पाहिलेला सेवेतील तो अखेरचा शिपाई होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र रणांगणाचा विस्तार वाढला, पलटणी दूर दूर पसरून लढू लागल्या, आणि हुकूम पोहोचवण्याचे काम हलक्या आणि दूरवर ऐकू जाणाऱ्या बिगुलाकडे गेले. ड्रमवादकाची जागा लष्कराच्या दप्तरातून हळूहळू पुसली गेली. अशा वेळी एखादी विद्या नाहीशी व्हावी हेच स्वाभाविक. पण कनेटिकटसारख्या प्रांतातील लहान लहान गावांनी ती सांभाळली. मूडस या गावचे ड्रम आणि फाइफ, म्हणजे लहान बासरी, यांचे पथक १८६० साली स्थापन झाले. चार जुलैचा स्वातंत्र्यदिन, मे महिन्यातील स्मृतिदिन, गावचा एखादा जुना शिपाई वारला तर त्याची अंत्ययात्रा, या प्रसंगी खोल घुमणारे दोरीबंद ड्रम रस्त्याने वाजत जात, आणि बाप मुलाला, मामा भाच्याला काठ्या धरावयास शिकवी. त्या शिकवणीचे कागद फारसे उरले नाहीत. हातच उरले.

ते हात वेळीच पाहून ठेवण्याचे श्रेय सॅनफर्ड मोलर या माणसाला दिले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी यादवी युद्धातील ड्रमवादक वृद्ध झाले होते, आणि त्यांच्यामागे त्यांची विद्या सांगणारे कोणी राहणार नव्हते. मोलरने अशा म्हाताऱ्यांना गाठले, त्यांना काठ्या हातात घ्यावयास लावल्या आणि ते मनगट कसे उचलतात, करंगळीवर काठीचा भार कसा ठेवतात, चाबूक फिरवावा तसा हात वर नेऊन प्रहार कसा पडू देतात याचे बारकाईने निरीक्षण केले. त्यातून जे हाती लागले ते त्याने १९२५ च्या आपल्या ग्रंथात मांडले. हा पंडित नुसता लिहिणारा नव्हता. १९३० साली अमेरिकन लीजनचे अधिवेशन बोस्टनला भरले, तेव्हा गळ्यात ड्रम अडकवून वाजवीत वाजवीत तो न्यूयॉर्कहून बोस्टनपर्यंत पायी गेला. जुन्या वादकांची दमदारी ही दंतकथा नव्हे, खरी प्रहारपद्धती असेल तर माणूस इतका वेळ वाजवू शकतो, हे त्याला सिद्ध करावयाचे होते. आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासात इतका निखळ युक्तिवाद दुसऱ्या कोणी केलेला नाही.

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली माजी सैनिकांची अमेरिकन लीजन ही संघटना स्थापन झाली, आणि ड्रमला नवा धनी मिळाला. घरी परतलेल्या शिपायांना एकत्र चालण्याची सवय होती, बिगूल आणि ड्रम स्वस्तात मिळत होते, आणि गावोगावच्या शाखांना मिरवणुकीत आपले स्वतःचे पथक असावे ही हौस होती. विसाच्या दशकात या पथकांच्या स्पर्धा सुरू झाल्या. स्पर्धा म्हटली की परीक्षक आले, परीक्षक म्हटले की प्रमाण ठरवणे आले. कारण एका प्रांताचा ‘रोल’ दुसऱ्या प्रांताला मान्य नसे. १९३३ साली शिकागोला लीजनचे अधिवेशन भरले असता, वाद्यनिर्माता विल्यम लडविग आणि त्याच्या समकालीन नामांकित वादकांनी एकत्र बसून राष्ट्रीय रुडिमेंटल वादकसंघ स्थापन केला आणि २६ रुडिमेंट प्रमाण म्हणून मुक्रर केले. त्यांतले १३ अत्यावश्यक. संघाचे सदस्यत्व हवे असेल तर हे १३ परीक्षकासमोर वाजवून दाखवावे लागत, तेही प्रत्येक बोल अगदी संथ सुरू करून, वाढवत वाढवत हाताच्या कमाल गतीपर्यंत नेऊन, पुन्हा त्याच क्रमाने संथावत आणून. या परीक्षेत लबाडीला वाव नव्हता. जलद वाजवणारा पुष्कळदा संथ लयीत उघडा पडतो, आणि चढताना झाकलेला दोष उतरताना दिसतो.

कनेटिकटच्या परंपरेत घडलेला फ्रँक आर्सेनो याने हे सव्वीस रुडिमेंट लडविग कंपनीसाठी ध्वनिमुद्रिकेवर वाजवून ठेवले, आणि ज्यांच्या गावात गुरू नव्हता अशा कित्येक मुलांनी ती तबकडी झिजेपर्यंत ऐकून हात तयार केला. पुढे १९८४ मध्ये तालवादकांच्या एका मोठ्या संस्थेने ही यादी वाढवून चाळीस केली आणि तीत स्विस बोलही घेतले. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराने आपली स्वतंत्र ड्रमविद्या पिढ्यान् पिढ्या जपली होती, आणि तेथील फ्रिट्झ बर्गर यांच्या लेखनाने ती अमेरिकनांच्या परिचयाची झाली होती.

दुसऱ्या महायुद्धानंतरची वीस-पंचवीस वर्षे हा या पथकांचा खरा लोकाश्रयाचा काळ. सैन्यातून परतलेले तरुण शिक्षक झाले. चर्चचे पाद्री, बालवीरांचे नायक, पोलिसांच्या क्रीडासंस्था यांना मुले रस्त्यावरून उचलून कोठेतरी गुंतवावयाची होती. आणि बिगूल-ड्रमच्या पथकाइतके स्वस्त आणि इतके गर्जणारे दुसरे साधन नव्हते. न्यू जर्सीतील गारफील्डचे ‘होली नेम कॅडेट्स’ १९३४ पासून एका धर्मपीठाच्या छत्राखाली होते. नेवार्कला ‘ब्लेस्ड सॅक्रमेंट’ आणि ‘सेंट लूसीज’ ही दोन्ही पथके चर्चची. शिकागोचे ‘कॅव्हेलियर्स’ १९४८ मध्ये डॉन वॉरन यांनी एका बालवीर पथकातून उभे केले. वायोमिंगमधील कॅस्परला जिम जोन्स यांनी १९५७ साली ‘ट्रूपर्स’ स्थापन केले आणि त्यांचा गणवेश त्या मुलुखात एके काळी तैनात असलेल्या अकराव्या ओहायो घोडदळाच्या धर्तीचा ठेवला. न्यू जर्सीतच ‘ऑडुबॉन बॉन बॉन्स’ नावाचे केवळ मुलींचे पथक होते, आणि त्यांच्या ड्रम वाजवणाऱ्या मुलींना तोच दंडक लागू असे जो मुलांना.

या काळातील रांगांतून गेलेली, आता वार्धक्यात असलेली माणसे जेव्हा त्या दिवसांविषयी बोलतात, तेव्हा मला नवल वाटते ते याचे, की ती विजयाविषयी फार थोडे बोलतात. ती बोलतात चर्चच्या तळघराविषयी, जेथे कमी उंचीच्या छताखाली आठ ड्रम एका वेळी वाजत आणि कानांत घंटा घुमत राहत. ती बोलतात वासराच्या कातड्याविषयी. सायंकाळी मैदानावर दव पडले की ते कातडे ढिले पडे, पाऊस आला तर मेल्यासारखे गप्प होई, आणि शेकोटीजवळ धरून ताणावे तर प्रसंगी फाटून जाई. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस चिक एव्हान्स आणि रेमो बेली यांनी प्लॅस्टिकची पटले बाजारात आणली, आणि त्यामुळे पावसात वाजवणे शक्य झाले, एवढी एक गोष्ट तरी कोणत्याही चषकापेक्षा त्या पिढीला मोठी वाटते. आणि ती बोलतात ‘टिक’विषयी.

‘टिक’ म्हणजे परीक्षकाने पाटीवरच्या कागदावर ओढलेली एक रेघ. तालवादनाचा परीक्षक प्रेक्षागृहात बसत नसे. तो मैदानात उतरून, हातात पाटी घेऊन, रांगेच्या अगदी समोरून चालत असे. एखाद्या काठीचा ठोका रांगेच्या आधी पडला, एखादा फ्लॅम चपटा झाला, एखाद्याची काठी शेजाऱ्यापेक्षा वर उठली, की त्याने कागदावर रेघ ओढावी आणि त्या रेघेगणिक गुणांतून एक दशांश वजा व्हावा. सुरुवातीस सारे गुण पथकाच्या पदरात असत. चुकांनी ते झडत जात. संचलनाआधी गणवेशाची तपासणी होई, जोड्याला पॉलिश नसेल तर त्याचेही गुण जात, प्रारंभ आणि अखेर यांच्या मिनिटांचा हिशेब ठेवला जाई, राष्ट्रध्वजाच्या मानाचे स्वतंत्र नियम असत. सारी व्यवस्था लष्करी तपासणीच्या दप्तरातून जशीच्या तशी उचललेली होती.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने आपल्या छातीपासून हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाची पेन्सिल कागदाकडे जाताना पाहावी आणि तरीही नजर समोर ठेवून पुढचा ठोका अचूक टाकावा, ही मागणी कठोर होती. तथापि या कठोरपणाने जे घडवले तेही डोळ्यांआड करता येत नाही. रेघ व्यक्तीच्या नावावर पडत नसे, रांगेच्या नावावर पडे. त्यामुळे सर्वांत निपुण वादकाने आपली निपुणता दाखवण्यात काहीच हशील नव्हते. शेजाऱ्याचा हात आपल्या हातासारखा कसा होईल ही त्याची चिंता असे. ‘एट्स’ नावाचा एक अभ्यास आहे. उजव्या हाताचे आठ प्रहार, मग डाव्याचे आठ, पुन्हा उजव्याचे. त्यात काहीच अवघड नाही, आणि म्हणूनच सारे अवघड आहे. तासन् तास तेवढेच वाजवीत, काठी किती इंच उठावी, टोक कातड्याच्या नेमक्या कोणत्या बिंदूवर पडावे, दोन प्रहारांमधील अवकाश किती असावा हे जुळवत जावयाचे, आणि अखेर असा एक क्षण येतो की आठ-दहा जणांमधून आपला आवाज वेगळा काढून ऐकू म्हटले तरी ऐकू येत नाही. ज्यांनी हे अनुभवले त्यांना त्याहून मोठा आनंद पुढे फारसा भेटला नाही, असे त्यांच्या बोलण्यावरून स्पष्ट दिसते. आणि मी त्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही.

लीजन आणि परदेशी युद्धांतील माजी सैनिकांची दुसरी संघटना यांच्याकडे नियमांचा आणि पैशाचा कारभार असल्यामुळे साठच्या दशकाच्या अखेरीस पथकांचे चालक अस्वस्थ झाले होते. सादरीकरणात काय चालावे हे त्यांच्या हाती नव्हते, आणि तिकिटांचे उत्पन्न येई त्या मानाने प्रवासाचा खर्चही निघत नसे. १९७१ मध्ये ब्लू स्टार्स, कॅव्हेलियर्स, मॅडिसन स्काउट्स, सँटा क्लारा व्हॅनगार्ड आणि ट्रूपर्स या पाच पथकांनी एकजूट केली. त्यातून ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही संस्था निघाली, आणि ऑगस्ट १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर या विद्यापीठाच्या गावी तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. कॅलिफोर्नियाचे ‘अनाहाइम किंग्समेन’ विजयी ठरले. ज्या वाद्याचा जन्मच दुसऱ्याचा हुकूम पोहोचवण्यासाठी झाला होता, त्या वाद्याच्या माणसांनी प्रथमच स्वतःचे कायदे स्वतः केले. माझ्या दृष्टीने या इतिहासातील हे खरे स्वातंत्र्य होय.

ते मिळताच ड्रमलाइनचा कायापालट झाला. जुन्या रांगेत स्नेअर, म्हणजे खालच्या कातड्यावर ताणलेल्या तारांमुळे तडतडणारा ड्रम, हाच मुख्य. टेनर आणि बास यांनी त्याला आधार द्यावयाचा. साठीच्या दशकातच मोठे बास ड्रम निरनिराळ्या आकारांचे करून निरनिराळ्या स्वरांत लावण्याचे प्रयोग सुरू झाले होते, आणि दोन-तीन ड्रम एकाच्या अंगावर चढवून सूर बदलता येऊ लागला होता. सँटा क्लारा व्हॅनगार्डसाठी रचना करणाऱ्या फ्रेड सॅनफर्ड यांनी सत्तरच्या दशकात या साऱ्याला वाद्यवृंदाची दृष्टी दिली. स्नेअरने सदैव बोललेच पाहिजे असे नाही, एखादे वाक्य टेनरने सुरू करावे, बासच्या रांगेने ते खाली उतरवत न्यावे, आणि स्नेअरने नुसती शांतता पाळावी, हा विचार त्यांचा. आज सर्वोत्तम तालवादनाचे जे पारितोषिक दिले जाते त्याला त्यांचेच नाव आहे.

बासच्या रांगेचे काम बाहेरच्या माणसाला सर्वांत कमी कळते आणि वाजवणाऱ्याला सर्वांत जास्त आठवते. पाच जण, पाच आकार, पाच स्वर. धावत्या लयीतील एक सलग वाक्य पाच जणांत वाटलेले असते. प्रत्येकाच्या वाट्याला एखादा किंवा दोन ठोके, आणि ते दोन ठोके आधीच्या माणसाच्या शेपटाला चिकटून, नंतरच्याला जागा सोडून पडले पाहिजेत. स्वतःच्या भागाचा एकट्याने सराव केला तर त्याला काहीच अर्थ लागत नाही. अशा रांगेत मधला गडी आजारी पडला तर उरलेल्या चौघांना वाजवता येत नाही, याला रचनेचा दोष म्हणावयाचे की थोरवी, हे ज्याने त्याने ठरवावे. मी थोरवी म्हणतो.

मैदानावर ही माणसे चालतातही. ड्रम समोर असल्याने आणि आवाज प्रेक्षकांकडे पाठवावयाचा असल्याने बाजूला सरकताना त्यांना वळता येत नाही; पाय आलटून पालटून ओलांडीत, कमरेवरचे शरीर स्थिर ठेवून आडवे सरावे लागते, आणि या चालीला ते ‘क्रॅब’, म्हणजे खेकड्याची चाल, म्हणतात. शिवाय ध्वनीच्या गतीचा अडसर आहे. अमेरिकन फुटबॉलचे मैदान रुंदीला सुमारे ४९ मीटर. मागच्या कडेचा आवाज पुढच्या कडेला पोहोचावयास सेकंदाचा जवळजवळ सातवा हिस्सा लागतो, आणि मिनिटाला १८० ठोक्यांच्या लयीत तेवढ्या अवधीत सोळांशाचे जवळजवळ दोन प्रहार होऊन जातात. ज्याने त्याने कानावर येईल तसे वाजवले तर सारे पथक फाटेल. म्हणून तालरांग बहुधा मध्यभागी मागे ठेवतात. ती संचालकाच्या हाताकडे पाहून लय धरते, आणि तिच्या पुढे असणारे सारे मागून येणाऱ्या आवाजाला धरून राहतात. रांगेच्या आत मध्यावर उभा असलेला स्नेअरवादक प्रमुख; दोन्ही बाजूंचे कान त्याच्याकडे लागलेले असतात, आणि सुरुवात करून देताना ‘डट, डट, डट’ असा त्याचा उच्चार ऐकू येतो.

रूढी कारणाच्या मागे किती काळ टिकते याचा एक नमुना या रांगेत अजूनही दिसतो. जुना ड्रम उजव्या खांद्यावरून आलेल्या पट्ट्याला डाव्या मांडीजवळ तिरका लटके, त्यामुळे डाव्या हाताला काठी अंगठ्याच्या बेचक्यात, तळवा वर करून धरावी लागे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत खांद्यांवर घालावयाचे धातूचे सांगाडे आले आणि ड्रम सपाट झाला. तिरक्या पकडीची गरज संपली. तरी बहुसंख्य स्नेअररांगांनी ती सोडली नाही. यादवी युद्धातल्या पोराचा डावा हात आजच्या मुलाच्या मनगटात तसाच बसलेला आहे.

१९८४ मध्ये ‘टिक’ पद्धती रद्द झाली. वजाबाकीऐवजी बेरीज आली: काय वाजवले, किती अवघड वाजवले आणि ते किती चांगले झाले यांवर गुण द्यावयाचे ठरले. याच सुमारास झायलोफोन-मरिंबासारखी वाद्ये आणि काही वर्षे एकेकाने पोटाशी बांधून चालवलेले टिंपनी जमिनीवर, मैदानाच्या पुढच्या कडेस स्थिर ठेवण्याची मुभा मिळाली. ऐंशीच्या दशकात चिलखती जाकिटांत वापरल्या जाणाऱ्या केव्हलार धाग्याची पटले ड्रमवर चढली, ताण इतका वाढवता आला की प्रत्येक प्रहार काच फुटावी तसा स्वच्छ ऐकू येऊ लागला, आणि मनगटांवरील भारही त्याच मानाने वाढला.

या फेरबदलाविषयी जुन्या माणसांत दोन पक्ष आहेत, आणि त्यांचा वाद अद्याप मिटलेला नाही. मला वाटते, ‘टिक’ गेली हे योग्यच झाले. चुका टाळणे हेच ध्येय असेल तोवर रचनाकार अवघड विचार मांडणार नाही, कारण धाडस करणाऱ्याचेच गुण आधी कापले जातात. सॅनफर्ड आणि त्यांच्या पिढीने जे दार उघडले होते त्यातून पूर्णपणे आत शिरावयाचे तर ती पाटी बाजूला ठेवणे भाग होते. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली, आणि तिचे मला मनापासून दुःख आहे. रेघेचा हिशेब गरीब पथकालाही समजत असे. ज्याच्याजवळ नामवंत रचनाकार नाही, महागडी वाद्ये नाहीत, अशा एखाद्या गिरणगावच्या चर्चच्या पोरांनी सोपीच रचना घ्यावी आणि ती निष्कलंक वाजवून मोठ्यांना हरवावे, ही शक्यता त्यात होती. इंधनाचे भाव चढले, साऱ्या देशभर हिंडण्याचा खर्च वाढला, जुन्या वस्त्यांतून लोक उपनगरांत निघून गेले, चर्चने आणि लीजनच्या शाखांनी हात आखडते घेतले. आणि एके काळी शेकड्यांनी असलेली तरुणांची पथके दशकादशकाला घटत गेली. नवी गुणपद्धती हे त्याचे मूळ कारण नव्हे. मात्र जी गावे आधीच बुडत होती त्यांना तिने आधारही दिला नाही. गेली कित्येक वर्षे प्रमुख पथकांत उन्हाळा घालवावयाचा तर मुलाला स्वतःच मोठी रक्कम भरावी लागते, आणि हा खेळ ज्या मुलांसाठी निघाला होता त्यांतील पुष्कळांना तो आज परवडत नाही, ही गोष्ट त्याच्या चालकांनी अधिक गंभीरपणे घ्यावयास हवी.

त्याच्या उलट बाजूला एक दार उघडले, हेही नमूद केले पाहिजे. १९३८ पासून केवळ मुलांचे असलेल्या मॅडिसन स्काउट्सनी २०१९ मध्ये मुलींना प्रवेश देण्याचे ठरवले. तालमीचे दृश्य तर तिकडे आपल्याही लोकांच्या ओळखीचे आहे: अमेरिकेतील मराठी मंडळांनी गणेशोत्सवासाठी ढोल-ताशांची पथके बांधली आहेत, आणि कार्यालये सुटल्यावर मोकळ्या वाहनतळांवर त्यांची तालीम चालते. स्पर्धेच्या संध्याकाळी ड्रमलाइनही आपला हात अशाच वाहनतळावर गरम करते, आणि जाणते रसिक प्रत्यक्ष सादरीकरणापेक्षा त्या तालमीभोवतीच अधिक गर्दी करतात; कारण तेथे काठ्या हातभर अंतरावरून पाहता येतात, आणि मोलरने म्हाताऱ्यांसमोर बसून जे पाहिले ते कोणालाही विनामूल्य पाहावयास मिळते.

या पथकांचा एक कायदा मोठा निष्ठुर आहे: बावीस वर्षे पूर्ण झाली की पुढच्या हंगामात रांगेत उभे राहता येत नाही. हात ज्या वयात खरा परिपक्व होऊ लागतो नेमके त्याच वयात तो मोकळा केला जातो. कोणी शिक्षक होतो, कोणी कनेटिकटकडच्या जुन्या पद्धतीच्या पथकात जातो, जेथे वयाची अट नाही आणि जेथे डीप रिव्हर गावी दर उन्हाळ्यात भरणाऱ्या मेळाव्यात दोरीबंद ड्रमवर तेच सव्वीस बोल संथ लयीत घुमतात. पुष्कळसे काठ्या ठेवून देतात. अनाहाइम किंग्समेन हे पहिले विजेते पथक स्वतः फार काळ टिकले नाही. परंतु २००७ साली अजिंक्यपद स्पर्धा कॅलिफोर्नियात, पॅसाडीनाच्या रोझ बाउलमध्ये आली, तेव्हा त्याचे माजी सदस्य, बहुतेक पन्नाशी ओलांडलेले, पुन्हा जमले, महिनोन् महिने तालीम केली, आणि पस्तीस वर्षांपूर्वीचे आपले संचलन हजारो प्रेक्षकांपुढे उभे केले. त्या रांगेसमोर पाटी घेऊन चालणारा परीक्षक नव्हता. तरीही त्यांनी तालमीची सुरुवात केली असेल ती ‘एट्स’नेच, कारण दुसऱ्या कोणत्या रीतीने हात जुळवावयाचे हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते.